ती ती नाही

१२ सप्टेंबर

भुंग्या,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमननं ते दुकानाच्या शटरखालून सरकवलं होतं आणि मी ते कुठल्यातरी क्लासची जाहिरात समजून मशीनचं तेल टिपायला घेतलं. उलटं केलं तर तुझं अक्षर. एका कोपऱ्याला तेल लागलंय, बाकी सगळं वाचता येतं. सगळं म्हणजे तरी काय, चार ओळी.

‘मावशी, आईची दुधी तिकडे अजून जुनी मिळते का बघ. इथे नवीन आली आहे. ती ती नाही. मिळाली तर खालच्या पत्त्यावर पाठव.’

कशी आहेस नाही, आहेस का तेही नाही. कामापुरता मामा ऐकला होता, कामापुरती मावशी आज झाले. पण मी काही रुसायला बसलेले नाही. फोन नंबर दिला नाहीस, पत्ता दिलास, म्हणजे बोलायचं नाही पण पाठवलेलं चालेल. कळतं मला तेवढं. म्हणून लिहितेय.

कार्ड वाचलं आणि शटर अर्धं ओढून तशीच कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअरमध्ये गेले. घाईघाईत ‘दुधी आहे का’ असंच विचारलं. त्यानं समोरच्या भाजीवालीकडे बोट दाखवलं. बोबडं बोलायचीस तेव्हा तू ठेवलेलं नाव, ते आपल्या घराबाहेर कुणाला कळणार? मग नीट सांगितलं, चेहरा साफ करायचं ते दुधासारखं, ओल्या कापसानं पुसतात ते, निळ्या टोपणाचं. त्यानं पांढऱ्या टोपणाची बाटली पुढे ठेवली.

“ही नाही हो. आधीची.”

“काकू, तेच आहे. फक्त नवीन आहे.”

“तेच असेल तर नवीन कसं, आणि नवीन असेल तर तेच कसं?”

“ते कंपनीला विचारा,” म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याचं नाव मी तेचभाऊ ठेवलंय. बाटलीवर लिहिलंय, ‘नवे सूत्र, तोच जिव्हाळा.’ जिव्हाळा बाटलीत भरून मिळतो हे मला माहीत नव्हतं. तरी एक घेऊन आले, बघू तरी काय बिनसलंय म्हणून.

तू विचारलं नाहीस तरी सांगते. मी आता दुकानाच्या मागच्या खोलीत राहते. पलंग, गॅस, खिडकी, एवढं आहे आणि एका माणसाला पुरतं. काम तेच, उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. थंडीआधी लोक कोट आणून टाकतात, कुणाचं अस्तर फाटलेलं, कुणाचं पोट वाढलेलं. आज सकाळपासून लोकरीची पेटी उपसून बसलेय. कसर लागू नये म्हणून लवंगांच्या पुरचुंड्या बदलायच्या आहेत.

तुझ्या आईच्या कपाटाचा विषय मी काढणार नाही. वाळवी लागली होती म्हणून रिकामं केलं, एवढंच पुन्हा एकदा सांगते आणि गप्प बसते.

दुधी शोधते. मिळेल.

मावशी


२७ सप्टेंबर

भुंग्या,

मिळाली. ताई ज्या दवाखान्यात होती त्याच्यासमोर ते औषधांचं दुकान अजून आहे. म्हातारेबुवा गल्ल्यावर डुलकी काढतात आणि काचेच्या कपाटातलं कुणी काही हलवत नाही. तिथं मागच्या रांगेत निळी टोपणं दिसली. दोन होत्या. तारीख उलटलेली नाही, चष्मा लावून बघितली. एक तुला याच पार्सलात पाठवतेय, टोपणाला चिकटपट्टी लावलीय, सांडणार नाही. दुसरी माझ्यापाशी ठेवली. तू म्हणशील हिला कशाला हवी? सांगते.

मला कळायला हवं होतं की तू ‘ती ती नाही’ म्हणतेस ते नेमकं काय. म्हणून रोज सकाळी डाव्या गालाला जुनी लावते आणि उजव्याला नवी. हसू नकोस. अर्धं तोंड एकाचं, अर्धं दुसऱ्याचं, अशी दिवसभर मशीनवर बसते. दुधवाल्यानं विचारलंसुद्धा, “दात दुखतोय का?”

तर ऐक. जुनी दाट आहे. बाटली उपडी करून थोपटावी लागते, मग कुठे निघते. हलका काकडीसारखा वास. पुसल्यावरही गालावर एक ओशट हात राहतो, तो दुपारपर्यंत जात नाही. नवी पातळ आहे, दाबली की भसकन येते. थोडा फेस होतो. वास काही म्हणजे काहीच नाही. पुसल्यावर कातडी कडक इस्त्री केल्यासारखी ताणते. पहिल्या दिवशी मी तिला दहा शिव्या घातल्या.

पण खोटं कशाला बोलू. आठवडा झाल्यावर उजव्या गालावरची पुरळ गेली. जुनीनं डाव्या गालावर मात्र दोन फोड आणले. नवी वाईट नाही गं. काम करते बिचारी, निमूटपणे. तिचा दोष एवढाच की तिच्या आधी दुसरी होती. लोक टोपण उघडतात तेच मुळी तोंड वाकडं करून.

हे मी बाटलीबद्दल लिहितेय.

बरं, तुला आठवत नसेल म्हणून सांगते, ही दुधी आपल्या घरात ताईनंच आणली. तिच्या लग्नाच्याही आधी. मला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, तुझ्या सुई-दोऱ्याच्या हातांनी घाण करशील. मग ती आजारी पडली, मी महिनाभर मदतीला म्हणून आले आणि राहिलेच. पुढे तुझ्या बाबांशी लग्न झालं तरी तुझ्यासाठी मी मावशीच राहिले. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण कामं एवढी असायची की वेळ मिळाला नाही.

पार्सल पोचलं की कळव. दोन ओळी पुरे.

मावशी


२० ऑक्टोबर

भुंग्या,

दोन ओळी म्हटलं होतं, तू पान भरून लिहिलंस. ते उभ्याउभ्याच वाचलं. मग बसून वाचलं.

तर ही पण ती नाही. मला आधी रागच आला. सीलबंद बाटली, जुनं लेबल, म्हातारेबुवांच्या कपाटातली, आणि बाईसाहेब म्हणतात ही नाही. पण पुढं लिहिलंस ते वाचून राग पळाला. तुझीच वाक्यं इथं उतरवते, मला ती पुन्हा लिहून बघायची आहेत.

‘आईच्या दुधीला लवंगेचा वास होता. हिला नाही. ती ओल्या कापसानं माझं कपाळ, मग गाल, मग हनुवटी पुसायची आणि शेवटी नाकावर टिचकी मारायची. मला आईचं एवढंच आठवतं, मावशी. तिचा चेहरासुद्धा फोटोतलाच आठवतो. छोटीला निदान आजीचा तो वास तरी मिळू दे.’

छोटी.

असं सांगतात का गं? वासाच्या मागून, वाक्याच्या शेपटीला बांधून? मी शटर लावून घेतलं. बाहेर एक गृहस्थ पँटची चेन बदलून घ्यायला आले होते, ते ठोठावून निघून गेले. जाऊ देत. तुला पोर झालंय हे तू मला कळवलं नाहीस, याचं मी काय करू ते मला अजून समजत नाहीये. कुणावर गेलीय? झोपताना मूठ आवळते का? तू आवळायचीस. माझ्या मशीनशेजारी चादरीवर पडून मशीनच्या आवाजात आवाज मिसळून गुणगुणायचीस, म्हणून तर भुंगा.

टिचकीचं वाचलं. आठवतं म्हणतेस. बरं.

लवंगेचं मात्र मला कोडं आहे. ताईच्या दुधीला काकडीचा वास होता असं माझं नाक सांगतं, पण माझ्या नाकाचं काय घेऊन बसलीस, वाफेच्या इस्त्रीपुढं उभं राहून ते केव्हाच गेलंय. कदाचित आणखी आधीची एक जुनी असेल. जुनीच्या आधीची. म्हातारेबुवांना विचारते. कंपनीलाही विचारते. छोटीला वास मिळेल. मी आहे ना.

ती केवढी आहे ते कळव. किलोत नको, मला किलो कळत नाहीत.

मावशी


९ नोव्हेंबर

भुंग्या,

दोऱ्याचा तुकडा मिळाला. ‘ती एवढी आहे’ म्हणून लिहिलंयस, आणि दोऱ्याला गाठी मारल्यात, खांद्याची, हाताची, कमरेची. माप असं घ्यायचं हे तू विसरली नाहीस. मी दोरा टेबलावर ताणून ठेवला. एवढीशी आहे गं. त्याच्याकडे बघत किती वेळ गेला कोण जाणे, इस्त्री तापून वास सुटला तेव्हा उठले.

आता दुधीचं. बाटलीवरच्या नंबरवर फोन केला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी. तिनं आधी माझ्या त्वचेचा प्रकार विचारला. म्हटलं, “सुरकुतलेला. पुढं बोला.” लवंगेचं विचारल्यावर तिनं मला संगीत ऐकवलं, मग कुणा वरच्या साहेबांना विचारून आली.

“मॅडम, लवंग आपल्या उत्पादनात कधीच नव्हती.”

“जुन्यात?”

“जुन्यात, त्याच्या आधीच्यात, कधीच नाही.”

“मग आमची पोर खोटं बोलते का?”

ती म्हणाली, “मॅडम, नवीन अधिक सौम्य आहे, वापरून बघा.” तिचा तरी काय दोष, तिला तेवढंच पढवलेलं. म्हातारेबुवाही तेच म्हणाले, लवंग दातांच्या औषधात असते, तोंडाला लावायच्या दुधात कोण घालेल?

काही सुचेना, म्हणून माझ्याकडच्या बाटलीतलं थोडं वाटीत काढलं आणि लवंग तेलाचा थेंब टाकून बघितला. दातांच्या दवाखान्यात बसल्यासारखं वाटलं. फेकून दिलं. हे म्हणजे दुधाची तहान ताकावरही भागेना अशी गत.

तू लिहितेस, ‘राहू दे मावशी, नसेल मिळत तर.’ राहू कसं देऊ? इतक्या वर्षांत तू माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट आहे. आणि माझी भीती तुला सरळच सांगते. ही मिळाली नाही तर तुला लिहायला कारण उरणार नाही. मला तरी कुठलं उरेल?

मावशी


२३ नोव्हेंबर

भुंग्या,

शाळेतल्या संगीताच्या बाई त्यांचा कोट न्यायला आल्या होत्या. अस्तर बदललं होतं. त्यांनी कोट हातात घेतला आणि नाकाला लावला.

“तुमच्याकडून आलेला कपडा मी डोळे मिटून ओळखेन. लवंगेचा वास.”

“पेटीत पुरचुंड्या असतात ना, त्याचा.”

“पेटी कसली, तुमचे हात हुंगून बघा की. मागच्या खेपेला माझ्या खांद्याचं माप घेतलंत, तर दिवसभर वर्गात मला लवंग.”

हसल्या आणि कोट घेऊन गेल्या. मी हात नाकाशी नेले. मला काहीही वास आला नाही. आयुष्यभर त्या पुरचुंड्या बांधतेय आणि सोडतेय, मला कसा येणार?

मग एकेक करून सगळं आठवत गेलं. त्या वर्षी ताईचे हात उचलत नव्हते गं. पेलाही धरता येत नव्हता तिला. दवाखान्यातून घरी आणली की मी तिच्या पलंगाशीच टेबल ओढून काम करायची, गिऱ्हाइकांची लोकर तिथंच पसरलेली असायची. संध्याकाळी ती पलंगावरून सांगायची, “भुंग्याचं तोंड पुसून दे, माझी दुधी घे, आता घे.” पूर्वी हात लावू द्यायची नाही, तेव्हा मात्र स्वतःहून म्हणायची. मी कात्री ठेवून तशीच यायची, हातसुद्धा न धुता. कपाळ, गाल, हनुवटी. तू थयथयाट करायचीस म्हणून शेवटी नाकावर टिचकी. टिचकी मारली की तू हसायचीस आणि ताई पलंगावरून बघायची. ती गेल्यावरही तेच चालू ठेवलं, कारण दुसऱ्या कशानं तू झोपायची नाहीस.

म्हणजे तू मागतेस ती बाटली कुठल्याच दुकानात नाही. ती मी आहे.

मला आनंद झाला, भुंग्या. लाज वाटते लिहायला, पण झाला. हाव सुटली. वाटलं, पोस्टात जाऊन तार करावी, अजून तार असती तर. ताई गेली तेव्हा जिन्यात बायका म्हणत होत्या, माय मरो पण मावशी जगो. मला त्या म्हणीचा संताप यायचा. माय कशाला मरो? मला माझी बहीण हवी होती. आणि मग वर्षानुवर्षं तुझ्या डोळ्यांत एकच दिसायचं, की उलटं झालं असतं तर बरं झालं असतं. ते कपाट रिकामं दिसलं त्या दिवशी तू म्हणालीसच, “तुला तिची जागा हवी होती ना, घे आता सगळी.” आणि आता कळतंय की तू जिचा वास आठवून रडतेस ती मी. कुणीतरी मलाही इतकी वर्षं मनात धरून ठेवलं होतं. नाव चुकलं होतं, एवढंच.

सांगू? सांगावंसं फार वाटतंय.

पण सांगितलं की तुझ्याजवळ ताईचं काय उरेल? एक फोटो. आईचा हात म्हणून जो तुझ्या गालावर आहे तो मी काढून घ्यायचा आणि म्हणायचं, हा माझा? कपाट मी रिकामं केलं कारण वाळवी लागली होती. याला काही वाळवी लागलेली नाही. हे कशाला रिकामं करू? हात दाखवून अवलक्षण.

शिवाय ती बघत असायची, हे खरंच आहे. पुसणारी मी, पण पुसायला लावणारी ती. तिचंही काहीतरी आहेच त्या वासात.

मी असं ठरवलंय. माझ्याकडची निळ्या टोपणाची बाटली अर्धी झालीय. तिच्यात नवी घालून भरते. अर्धी जुनी, अर्धी नवी, फार ताणणार नाही आणि फोडही येणार नाहीत. थेंब-तेल काही नाही. टोपण उघडं ठेवून लोकरीच्या पेटीत पुरचुंड्यांमध्ये उभी करते, आणि रोज थोडी हातावर घेऊन, चोळून, परत आत. लागेल वास. मला कळणार नाही, संगीताच्या बाईंना हुंगायला बोलावते.

हे पत्र टाकणार नाही. कागद चांगला जाड आहे. छोटीच्या कोटाच्या कॉलरचा नमुना यावरच कापते. कॉलरला एवढाच कागद लागतो.

मावशी


६ डिसेंबर

भुंग्या,

सापडली. म्हातारेबुवांनी मागचं खोकं उघडलं, त्यात एकच होती, तू म्हणतेस त्या काळातली. मी हुंगून बघितली, मला काही कळलं नाही, पण ओळखीच्या एक बाई म्हणाल्या लवंग आहे. बघ, तू बरोबर होतीस. कंपनीवाल्यांना काय कळतंय.

सोबत छोटीसाठी कोट आहे. तुझ्या दोऱ्यावरून कापलाय, बाह्या जरा लांब ठेवल्यात, दुमडून घाल, पुढच्या थंडीला उलगड. कॉलर नीट बसली पाहिजे, ती मी दोनदा उसवली. कोटालाही लवंगेचा वास येईल, बाटली त्यात गुंडाळली होती म्हणून. धुतला की जाईल.

बाटली संपली तर रिकामी परत पाठव. बुवांकडे आणखी निघाली तर त्यातच भरून देते, म्हणजे निळं टोपण राहील. असं किती दिवस मिळेल सांगता येत नाही, पण मी आहे तोवर मिळेल असं वाटतं.

वापरायची कशी ते तुला माहीतच आहे. कापूस ओला करून पिळून घे. आधी कपाळ, मग गाल, मग हनुवटी, डोळ्यांत जाऊ देऊ नकोस. शेवटी टिचकी. छोटीला सांग, तुझ्या आजीच्या हातांना असाच वास यायचा. ते काही खोटं नाही.

मावशी